कानाचं मशीन: घ्यायचं का, कोणतं, आणि कुणाकडून बसवून

‘ऐकू येतं, पण बोललेलं कळत नाही.’ साठीच्या आसपासच्या कानाची ही नेहमीची तक्रार, आणि घरच्यांना ती बहाणा वाटते. ‘हवं तेवढं बरोबर ऐकू येतं बाबांना’ हा टोमणा बऱ्याच घरांत ठरलेला. पण बाबा खरं बोलत असतात. वयानं उतरणारा कान आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज सोडतो. बोलण्यातले आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि दणकट, ते पोचतात. स, श, थ, ख यांतली फुंकर वरच्या पट्टीतली आणि क्षीण, ती गळते. मग ‘थाट’चं ‘ताट’ होतं, ‘खाल’चं ‘काल’ होतं. वाक्य लांब असेल तर डोकं गाळलेल्या जागा भरून घेतं. फोनवर कुणी नुसतं ‘सातला या’ म्हटलं की तिथं भरायला काही नसतं, आणि माणूस आठला पोचतो. लहान मुलांचे आणि बायकांचे आवाज मुळात वरच्या पट्टीतले, म्हणून नातीचं बोलणं सुटतं आणि शेजारच्या काकांचं कळतं.

टीव्हीचा आवाज वाढवून किंवा ओरडून बोलून हे सुटत नाही ते याचमुळे. ओरडल्यानं स्वर आणखी मोठे होतात, व्यंजनं होती तिथंच राहतात. जे आवाज गळतात तेवढेच, हवे तेवढेच वाढवणं हे श्रवणयंत्राचं काम. ते नीट होतं की नाही हे यंत्राच्या किमतीपेक्षा ते बसवून देणाऱ्या माणसावर जास्त अवलंबून असतं. हे आधी लक्षात घेतलं तर निम्मे चुकीचे निर्णय टळतात.

दुकानाआधी डॉक्टर

पहिली पायरी कान-नाक-घसा तज्ज्ञाची, दुकानातल्या मोफत तपासणीची नव्हे. मोफत तपासणी ही विक्रीची सुरुवात असते. त्यात गैर काही नाही, पण ती दुसऱ्या पायरीवर. डॉक्टर दुर्बिणीतून कान बघतात. मळाचा बोळा बसला असेल तर तो काढल्यावरच चाचणी करायची, नाहीतर कागदावर खोटं बहिरेपण उमटतं. घरी काडी, पिन, गाडीच्या किल्लीनं मळ काढू नका, तो आत ढकलला जातो. कोमट तेल टाकायची सवय असेल तर पडदा शाबूत आहे हे कळेपर्यंत तीही थांबवा.

काही लक्षणांत मशीनचा विचार बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा. एका कानानं अचानक, म्हणजे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत, ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी. ‘सर्दीनं दडा बसला असेल’ म्हणून आठवडा घालवणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक, कारण अशा वेळी दिली जाणारी स्टेरॉइडची औषधं लवकर सुरू झाली तरच उपयोगी पडतात. दोन्ही कानांत मोठा फरक असेल, किंवा एकाच कानात सतत शिट्टी-गुणगुण असेल, तर नसेवर गाठ नाही ना हे पाहायला एमआरआय सांगितला जातो. कान वाहणं, दुखणं, भोवंड येणं ही लक्षणंही डॉक्टरचीच. पडद्याला भोक असेल किंवा कानातलं सर्वांत लहान हाड जखडलं असेल, तर शस्त्रक्रियेनं ऐकू येणं सुधारू शकतं आणि मशीन लागतच नाही.

मुंबईत कमी खर्चात नीट तपासणी हवी असेल तर दोन ठिकाणं आधी आठवावीत. एक, वांद्रे रेक्लमेशनवरची अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था. केंद्र सरकारची ही संस्था १९८३ पासून आहे. दुसरं, मुंबई सेंट्रलचं नायर रुग्णालय, तिथं ऑडिओलॉजी शिकवलीही जाते. केईएम, सायन, जे. जे. आहेतच. रांग लांब असते, सकाळी लवकर निघायची आणि एक अख्खा दिवस द्यायची तयारी ठेवा. खासगीत गेलात तर तपासणाऱ्या व्यक्तीचं शिक्षण ऑडिओलॉजीतलं आहे का आणि भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का, हे विचारा. संकोच नको. नोंदणी असणाऱ्याच्या भिंतीवर तो कागद बहुधा लावलेला असतो.

चाचणी कशी व्हायला हवी

चाचणीची खोली बंद, आतून फोम किंवा सच्छिद्र पॅनेल लावलेली हवी. दुकानाच्या मागच्या बाजूला पडदा ओढून, बाहेर बेस्टची बस थांबत असताना केलेल्या चाचणीला अर्थ नाही: रस्त्याच्या गडगडाटानं खालच्या पट्टीतले बारीक आवाज झाकले जातात आणि तिथं नसलेलं बहिरेपण दिसतं. त्यावर यंत्र जुळवलं तर ते नको तिथं घुमतं.

पूर्ण तपासणीत चार गोष्टी असतात. हेडफोनमधून शुद्ध सुरांची चाचणी. तीच कानामागच्या हाडावर कंपनपट्टी लावून. या दोहोंत फरक निघाला तर दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात, न निघाला तर आतल्या कानात किंवा नसेत, हे कळतं. पडद्याची हालचाल मोजणारी टिंपॅनोमेट्री, ही दोन मिनिटांची. आणि चौथी शब्दांची चाचणी, जी बरेच जण वगळतात आणि निर्णयासाठी सगळ्यांत मोलाची असते. आरामात ऐकू येईल एवढ्या आवाजात २५ किंवा ५० शब्द ऐकवतात आणि किती बरोबर उच्चारले याची टक्केवारी काढतात. ही चाचणी मराठीत करा म्हणून आग्रह धरा. ज्याचं आयुष्य लालबागच्या चाळीत मराठीत गेलं त्याला इंग्रजी शब्द ऐकवले तर गुण भाषेचे मिळतात, कानाचे नाही.

कागद वाचायला शिका

ऑडिओग्राम म्हणजे आलेख. डावीकडून उजवीकडे पट्टी वाढत जाते, २५० हर्ट्झपासून ८००० पर्यंत. वरून खाली आवाज वाढत जातो, डेसिबलमध्ये. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. खूण जितकी खाली, तितकं नुकसान जास्त.

समजा उजव्या कानाचे आकडे असे आहेत: २५० वर २०, ५०० वर २५, १००० वर ३५, २००० वर ५०, ४००० वर ६५, ८००० वर ७५. डोंगरउतारासारखी रेघ. वयाच्या बहिरेपणाचं हे नेहमीचं चित्र. आता गंमत पाहा. ५००, १००० आणि २००० या तिघांची सरासरी काढली तर ३७ येते, आणि २६ ते ४० ला ‘सौम्य’ म्हणणाऱ्या जुन्या वर्गवारीनं रिपोर्टवर ‘सौम्य’ लिहिलं जातं. त्यात ४००० धरला तर सरासरी ४४ होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गवारीनं (३५ ते ५० च्या आत) तोच कान ‘मध्यम’ ठरतो. कान एकच, शब्द दोन. म्हणून ‘सौम्यच आहे, काही करायला नको’ हे वाक्य ऐकून घरी परतण्याआधी ४००० हर्ट्झसमोरचा आकडा बघा. स आणि थ तिथं राहतात.

रेघ ४००० वर खड्डा पडून ८००० वर पुन्हा वर येत असेल तर नुकसान बहुधा गोंगाटाचं. गिरणीत साचेखात्यात वर्षं काढलेल्यांच्या, किंवा दर वर्षी ढोल-ताशा पथकात कान न झाकता उभं राहणाऱ्यांच्या कागदावर असा खड्डा असतो. ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही साधारण मर्यादा. त्यापुढं दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. मशीन घेतल्यावरही हा हिशोब पाळावाच लागतो.

शब्दांचे गुण ८०-९० टक्के असतील तर चांगल्या जुळवणीनंतर फायदा भरपूर. ते ५० च्या खाली असतील तर आवाज मोठा होईल, पण स्पष्ट होईलच असं नाही. नस जे मोडून पाठवते ते यंत्राला जोडता येत नाही. हे विक्रेत्यानं आधी सांगायला हवं, आणि फार थोडे सांगतात. दोन्ही कानांत तीव्र बहिरेपण आणि गुण फारच कमी, अशा वेळी कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल, म्हणजे शस्त्रक्रियेनं आतल्या कानात बसवायच्या उपकरणाबद्दल, डॉक्टरांशी बोलायचं.

घ्यायचं की थांबायचं

तपासणी झाल्यावर एक कागद घ्या आणि ज्याचा कान त्यालाच लिहायला सांगा: कुठं अडतं? तीन ते पाच जागा, नेमक्या. ‘नीट ऐकू येत नाही’ असं लिहून उपयोग नाही. ‘सोसायटीच्या सभेत मागच्या रांगेतून’, ‘बँकेत काचेपलीकडच्या बाईचं’, ‘सून स्वयंपाकघरातून बोलते तेव्हा’, ‘फलाट बदलल्याची घोषणा’. हा कागद पुढं ट्रायलला आणि जुळवणीला लागणार आहे, जपून ठेवा.

ज्याला एकही जागा लिहाविशी वाटत नाही, आणि फक्त मुलं मागं लागली आहेत, त्याच्यासाठी आज लाखभर रुपये घालवू नका. ते यंत्र महिन्यात कपाटात जाईल. अशा वेळी सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी, आणि तोवर घरच्यांनी सवयी बदलायच्या: नळ चालू ठेवून दुसऱ्या खोलीतून हाक मारायची नाही, समोर येऊन, चेहरा उजेडात ठेवून, नेहमीच्या आवाजात जरा सावकाश बोलायचं. यानंच बरीच भांडणं कमी होतात.

उलट, जागा लिहिल्या आहेत आणि आकडेही बोलतात, तर ‘अजून थोडं चालतंय’ म्हणून वर्षं ढकलू नका. उशिरा घेतलेल्या मशीनशी जमवून घ्यायला जास्त वेळ लागतो, कारण मेंदू शांततेला सरावलेला असतो.

स्मृतिभ्रंशाची भीती घालून मशीन विकणारे भेटतील, म्हणून त्याबद्दल जेवढं ठाऊक आहे तेवढं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोग्या १४ जोखमींत कमी ऐकू येणं धरलं आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत मात्र ७० ते ८४ वयाच्या सगळ्या लोकांत मिळून मशीन दिलेल्या आणि न दिलेल्यांच्या स्मरण-आकलनाच्या घसरणीत तीन वर्षांत फरक दिसला नाही. ज्यांची जोखीम आधीपासून जास्त होती त्या गटात घसरण ४८ टक्क्यांनी मंदावलेली दिसली. म्हणजे नातीचं बोलणं कळावं म्हणून मशीन घ्या, विसरू नये याची हमी म्हणून नको.

प्रकार: कान, बोटं आणि चष्मा बघून

कॅटलॉगमधलं सर्वांत छोटं, न दिसणारं मशीन बहुतेकांना आधी आवडतं. कानाच्या आत पूर्ण जाणारं हे मशीन मळानं आणि ओलाव्यानं लवकर बंद पडतं, सेल इवलासा, बोटांत पकडायला अवघड. मधुमेहानं बोटं बधिर झालेल्या किंवा मोतीबिंदू असलेल्या माणसाला ते देणं म्हणजे रोजचं रडगाणं.

वर सांगितलेल्या उतरत्या रेघेच्या कानाला कानामागं बसणारं, बारीक तारेनं आवाजाचा छोटा स्पीकर कानाच्या आत नेणारं यंत्र बहुधा योग्य. टोकाला रबरी टोपी, तिला डोम म्हणतात. भोकं असलेला उघडा डोम खालच्या पट्टीचे आवाज नैसर्गिक वाटेनं आत येऊ देतो. नुकसान जास्त असेल, ७०-८० डेसिबलच्या पुढं, तर कानामागचं ताकदीचं यंत्र आणि कानाच्या मापाचा साचा लागतो. साचा बनवायला कानात मऊ लगदा भरून माप घेतात. त्याआधी आत दोऱ्याचा छोटा स्पंज घालतात की नाही याकडे लक्ष ठेवा, तो लगदा पडद्यापर्यंत जाऊ न देण्यासाठी असतो. खिशातलं वायरवालं मशीन जुनाट दिसतं, पण हात थरथरणाऱ्या, फारच कमी ऐकू येणाऱ्या आजोबांना ते अजूनही सोयीचं. कान वाहत असेल तर साच्यानं बुजवू नये, आधी उपचार.

एक की दोन? दोन्ही कान सारखे उतरले असतील तर दोन. एका कानावर ऐकताना रिक्षाचा हॉर्न कुठल्या बाजूनं आला ते कळत नाही, गोंगाटात बोलणं वेगळं काढता येत नाही. पैसे मोजके असतील तर एका भारी मशीनऐवजी दोन साधी बरी. अपवाद: एका कानाचे शब्दांचे गुण अगदीच कमी असतील तर तो कान दुसऱ्याच्या कामात गोंधळ घालतो.

ऑनलाइन हजार-दोन हजारांत मिळणारे ‘आवाज वाढवणारे’ यात येत नाहीत. ते सगळंच वाढवतात, तुमच्या ऑडिओग्रामवर जुळवता येत नाहीत, आणि कुकरच्या शिट्टीला किंवा फटाक्याला किती आवाज सोडायचा यावर त्यांचा लगाम भरवशाचा नसतो. उरलेला कान त्यानं बिघडू शकतो.

पैसे

साधं डिजिटल यंत्र एका कानाला साधारण १५ ते २५ हजारांपासून मिळतं, वर टोक लाख-दीड लाखाच्याही पुढं जातं. किमतीबरोबर वाढतं ते गोंगाट दाबण्याचं कसब, ब्लूटूथ, आपोआप बदलणारे प्रोग्राम. ‘किती चॅनेल’, म्हणजे यंत्र आवाजाच्या पट्टीचे किती भाग वेगवेगळे जुळवतं, या आकड्यावर फार जाऊ नका. जो माणूस दिवसभर घरात, टीव्ही आणि दोन-तीन माणसं एवढ्यातच असतो, त्याला मधल्या किमतीचं नीट जुळवलेलं यंत्र पुरतं. रोज लोकलनं जाऊन सभा-बैठका करणाऱ्याला वरची पायरी उपयोगाची.

छापील किमतीवर ‘४० टक्के सूट’ हे ऐकून भुलू नका, दोन-तीन ठिकाणचा अंतिम भाव लेखी घ्या. बिलावर मॉडेलचं पूर्ण नाव, दोन्ही यंत्रांचे सीरियल क्रमांक, वॉरंटीची वर्षं आणि किती भेटी त्यात धरल्या आहेत हे हवं. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही. कुणी लावला तर विचारा. आणखी एक प्रश्न बहुतेक जण विसरतात: हे यंत्र दुसऱ्या कुठल्याही ऑडिओलॉजिस्टकडे जुळवता येईल, की फक्त तुमच्याच दुकानात? काही यंत्रांचं सॉफ्टवेअर कुलूपबंद असतं. डोंबिवलीला राहायला गेलात आणि दुकान गिरगावात, तर दर खेपेला तिथंच यावं लागेल.

सेल वेगळा खर्च. ३१२ मापाचा सेल आठवडाभर टिकला तर दोन कानांना वर्षाला १०४, म्हणजे सहाच्या सतरा-अठरा पाकिटांचा खर्च. यंत्र साधारण पाच ते सात वर्षं चालतं, तेवढ्या वर्षांनी गुणा आणि मग चार्जिंगवाल्या मशीनच्या वाढीव किमतीशी तुलना करा. चार्जिंगवाल्यात आतली बॅटरी चार-पाच वर्षांनी बदलावी लागते, तिचा भावही आत्ताच विचारून ठेवा.

मदतीच्या योजना आहेत, पण त्यांचे निकष कडक. केंद्राच्या एडिप योजनेत उत्पन्नाची मर्यादा आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढावं लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘ऐकू कमी येणारा’ म्हणजे दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत ६० ते ७० डेसिबल नुकसान असलेला. वरच्या उदाहरणातला ४४ वाला माणूस त्यात बसत नाही. पुण्याच्या भावाला मिळालं म्हणून आपल्यालाही मिळेल असं धरून खेपा घालू नका, आधी आकडा बघा. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना एकदाच ३००० रुपये खात्यात मिळतात, यादीत श्रवणयंत्र आहे. त्यात चांगलं यंत्र येत नाही, साचा आणि काही महिन्यांचे सेल निघतात. केंद्र सरकारी सेवेत असलेल्यांनी आणि निवृत्तांनी सीजीएचएसची (केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेची) परवानगी खरेदीच्या आधी घ्यायची, नंतर नाही.

बसवून घेणं: इथं अडून बसा

नवं मशीन संगणकाला जोडून, ऑडिओग्राम भरून एक बटण दाबलं की कंपनीची ठरावीक जुळवणी होते. बऱ्याच ठिकाणी काम इथंच संपतं. या जुळवणीत वरची पट्टी बहुधा कमी पडते, कारण कंपनीला पहिल्या दिवशी ‘कर्कश वाटतं’ अशी तक्रार नको असते. म्हणजे ज्यासाठी मशीन घेतलं तेच थ आणि स पुन्हा गळतात.

यावर उपाय कानात मोजमाप करण्याचा. केसासारखी मऊ सिलिकॉनची नळी कानात पडद्यापासून काही मिलिमीटरवर ठेवतात, तिच्यावरून यंत्र घालतात, समोरच्या स्पीकरमधून बोलण्यासारखा आवाज सोडतात. संगणकाच्या पडद्यावर दोन रेघा दिसतात: तुमच्या कानाला किती हवं ती, आणि प्रत्यक्ष किती पोचतंय ती. दोन्हींतला फरक साधारण ५ डेसिबलच्या आत येईपर्यंत आवाज जुळवायचा. दुखत नाही, थोडी गुदगुली होते, दोन्ही कानांना मिळून वीस-पंचवीस मिनिटं. खरेदीआधी फोन करून विचारा: ‘तुमच्याकडे रिअल इअर मेजरमेंट करतात का?’ ‘आमचं सॉफ्टवेअर सगळं आपोआप करतं’ असं उत्तर आलं तर दुसरा नंबर फिरवा. हे करून देणारा जरा महाग पडला तरी चालेल. त्यासाठी यंत्र एक पायरी खालचं घ्यावं लागलं तरीसुद्धा.

तिथंच खुर्चीवर दोन गोष्टी तपासून घ्या. ‘ई’ आणि ‘ऊ’ लांब म्हणा. स्वतःचा आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा घुमतोय का? मग यंत्र बंद करून, कानात ठेवूनच पुन्हा म्हणा. बंद असतानाही घुमत असेल तर कान जास्त बुजला आहे, डोम मोकळा हवा किंवा साच्याला भोक मोठं हवं. चालू असतानाच घुमत असेल तर खालच्या पट्टीचा आवाज कमी करायचा. तक्रार एकच, दुरुस्त्या दोन. ‘घुमतं’ एवढंच सांगितलं तर पुष्कळदा चुकीची दुरुस्ती होते. दुसरं, शिट्टी. जबडा हलवा, तळहात कानाजवळ न्या. शिट्टी वाजली तर डोमचं माप लहान आहे किंवा कानात मळ आहे.

ट्रायल आपल्या रस्त्यावर

दुकानाच्या एसी खोलीत कुठलंही मशीन छान वाटतं. किमान एक आठवडा घरी न्यायला मिळेल का आणि परत केल्यास किती पैसे कापले जातील, हे आधी ठरवा. मग तो जपून ठेवलेला कागद काढा आणि लिहिलेल्या जागी जा. दादरला फुलबाजाराच्या गर्दीत भाव विचारून बघा. फलाटावर घोषणा होते तेव्हा डोळे इंडिकेटरवर न ठेवता ऐका. घरी पंखा फुल ठेवून चौघांच्या गप्पांत बसा. आरतीत झांजा वाजतात तेव्हा कान झाकावासा वाटला तर यंत्र आवाजाला वर लगाम घालण्यात कमी पडतंय, ती वरची मर्यादा खाली आणून घ्यायची.

धावत्या लोकलच्या डब्यात सगळं स्पष्ट ऐकू येईल अशी अपेक्षा मात्र नको. तिथं चांगल्या कानालाही दुसऱ्याचं निम्मंच कळतं.

पहिले दोन महिने

पहिल्या दिवशी वर्तमानपत्राची घडी उलगडताना कडकड वाटेल, भांडी आदळल्यासारखी वाटतील, स्वतःच्या चपला ऐकू येतील. हे आवाज आधीही होते, कानाला त्यांचा विसर पडला होता. पहिले तीन-चार दिवस घरात चार तास, मग दर दोन-तीन दिवसांनी दोन तास वाढवत दिवसभरावर जायचं. ‘फक्त लग्नाला घालीन’ असं करणाऱ्याचं कधीच जमत नाही, कारण सगळ्यात अवघड जागेवर सर्वांत कमी सरावानं उतरतो.

दोन आठवड्यांनी पहिली भेट, मग महिन्यानं, मग तीन महिन्यांनी. भेटीला जाताना तक्रारी जागेसकट लिहून न्या. कान दुखत असेल, आत लाल झालं असेल तर थांबू नका, साचा घासून घ्यायला त्याच दिवशी जा.

मुंबईची हवा

इथं यंत्रं बंद पडण्याची मोठी कारणं तीन: घाम, मळ आणि खोबरेल तेल. तेलाचं बोट कानामागं गेलं की माईकची बारीक छिद्रं बुजतात आणि आवाज महिनाभरात हळूहळू मंद होत जातो. लोक समजतात कान आणखी गेला. तेल, पावडर, केसांचा रंग, आंघोळ, सलून, हे सगळं यंत्र काढूनच. तेल लावल्यावर हात साबणानं धुवून, पुसून मगच यंत्राला हात.

रात्री सेलचं दार उघडं ठेवून यंत्र सिलिका जेलच्या डबीत. जेलच्या खड्यांचा रंग बदलला की ते वाळवायचे किंवा बदलायचे. जून ते सप्टेंबरात हे कितीतरी लवकर करावं लागतं. पावसाळ्यात विजेवर चालणारी सुकवणारी पेटी घेतली तर पैसे वसूल. भिजलं तर सेल काढा, कोरड्या फडक्यानं टिपा, डबीत ठेवा. हेअर ड्रायर, इस्त्री, गॅसजवळची ऊब यांनी आतले भाग वाकतात. नळी असलेल्या साच्याची नळी घामानं कडक आणि पिवळी पडते, तीन ते सहा महिन्यांनी बदलून घ्या.

सेलचे रंग पाठ करा: १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. रंगीत पट्टी काढली की सेल हवा ओढायला लागतो. काढून लगेच घालू नका, एक-दोन मिनिटं उघडा ठेवा, मग पूर्ण ताकद येते. पट्टी एकदा काढली की परत चिकटवून तो थांबत नाही. जुना सेल लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा टाका, गिळला तर तातडीनं रुग्णालय.

मास्क किंवा हेल्मेट काढताना यंत्र त्याबरोबर निघून पडतं, लोकलच्या दारात पडलं तर गेलंच. मास्कचा बंद आधी कानापासून लांब ओढून मग काढायचा, किंवा यंत्राला दोरी लावून ती कॉलरला अडकवायची.

मशीन अचानक मुकं झालं तर दुकानात धावण्याआधी या क्रमानं पाहा: नवा सेल घाला. डोम काढून भोक बघा, बुजलं असेल तर बदला. मग टोकाची मळगाळणी: तिच्या पाकिटात काडी येते, एका टोकानं जुनी ओढून निघते, दुसऱ्या टोकानं नवी बसते. सुई घालून साफ करायला गेलात तर मळ आतल्या स्पीकरवर बसतो आणि तो बदलायला हजारो रुपये लागतात. हे सगळं करूनही आवाज नसेल तर रात्रभर डबीत ठेवा आणि सकाळी पुन्हा लावून बघा. तरीही नाही, तर बिल आणि सीरियल क्रमांक घेऊन निघा.